कात्री आणि शिक्का

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला आणि अवघ्या पाच वर्षांत, १९१८ साली, चित्रपटांचा कायदा झाला. १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे परीक्षण-मंडळे बसली. परक्या सत्तेस भय होते ते लोकजागृतीचे. म्हणूनच ‘भक्त विदुर’मधील (१९२१) खादीधारी विदुर मद्रासेत निषिद्ध ठरला. स्वराज्यातील १९५२ च्या कायद्यात कात्रीही राहिली आणि ‘यू’, ‘ए’ हे शिक्केही. १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरविले. १९८३ साली ‘यूए’ आला. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे ७, १३ व १६ वर्षांचे टप्पे पाडले. शिक्क्यांतच हयात घालविणाऱ्या आम्हां मंडळींस एवढे तरी उमगावे : शिक्का प्रेक्षकास सावध करतो, कात्री त्याच्या वतीने निवड करते. प्रौढ लोकशाहीस पहिला पुरेसा व्हावा.