बालगृहातील सेवा : मिशन-भेटीस निघण्यापूर्वी

नाताळ किंवा उपवासकाळ जवळ आला की धर्मग्रामातील तरुण संघ, महिला मंडळ आणि सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी यांच्या बैठकांत एक सूचना हमखास पुढे येते : यंदा एखाद्या बालगृहाला भेट देऊ या. कळव्यासारख्या ठिकाणाहून ठाणे, भिवंडी, उल्हासनगर या भागांत जाणे सोयीचे असते. परदेशी स्थायिक झालेले आपले आप्तही सुटीत आले असता अशा सेवेची इच्छा बोलून दाखवतात. या इच्छेमागील भाव निर्मळ असतो. अनाथांचा त्यांच्या दुःखात समाचार घेणे हे याकोबाच्या पत्रात शुद्ध धर्माचरणाचे लक्षण मानले आहे. तथापि, सेवेने मुलाचे खरोखर भले व्हावे यासाठी काही गोष्टी जाणून घेणे अगत्याचे आहे.

बालगृहातील मूल कोण?

बालगृहातील प्रत्येक मूल अनाथ असते, हा समज खरा नाही. अनेक मुलांची आई, वडील किंवा दोघेही हयात असतात. दारिद्र्य, आजारपण, व्यसन किंवा मोडलेला संसार यांमुळे ती घरापासून दुरावलेली असतात. म्हणूनच बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याने मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. ख्रिस्ती सेवाकार्यातही घराच्या उबेला महत्त्व देणारे प्रयत्न झाले आहेत. मुंबईत १९६२ साली येशूसंघीय धर्मगुरूंच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘स्नेहसदन’ने रस्त्यावरच्या मुलांना लहान लहान घरांत कुटुंबासारखे वाढवण्याची पद्धत रुजवली.

सावधगिरी का?

दोन कटू घटना विसरता येणार नाहीत. गोव्यात मडगाव परिसरात फ्रेडी पीट्स नावाचा मनुष्य मुलांसाठी आश्रम चालवीत असे. समाजात तो परोपकारी म्हणून वावरत होता. १९९१ साली त्याला अटक झाली आणि मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९६ साली न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. मुंबईत कुलाबा येथील ‘अँकरेज’ निवाऱ्यांच्या प्रकरणात दोन ब्रिटिश नागरिकांना सत्र न्यायालयाने २००६ साली दोषी ठरवले. उच्च न्यायालयाने २००८ साली त्यांची मुक्तता केली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली शिक्षा पुन्हा कायम केली. दोन्ही ठिकाणी परोपकाराच्या नावाखाली मुलांपर्यंत पोहोचणे सोपे झाले होते. म्हणून एखाद्या संस्थेने आपली ओळखपत्रे मागितली, चौकशी केली किंवा मुलांना एकांतात भेटू दिले नाही, तर आपण तो अपमान मानू नये. अशी संस्था आपले कर्तव्य चोख बजावत असते.

दुसरे दुःख कोणाच्याही दुष्ट हेतूवाचून घडते. आठवडाभर पाहुणा मुलाला कडेवर घेतो, खाऊ देतो, पुन्हा येण्याचे वचन देतो आणि निघून जातो. आधीच दुरावा सोसलेल्या मुलाला तोच दुरावा पुन्हा सोसावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ च्या ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवेमुळे होणाऱ्या अपायाची दखल घेतली आहे.

भेटीपूर्वीचे नियम

१. संस्थेची बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खाली नोंदणी आहे, याची खात्री करावी. नोंदणी नसलेल्या संस्थेस देणगीही देऊ नये.

२. भेटीची परवानगी आधी लेखी घ्यावी. मुलांजवळ नेहमी संस्थेची जबाबदार व्यक्ती हजर असावी.

३. मुलांची छायाचित्रे, नावे किंवा कहाण्या कोठेही प्रसिद्ध करू नयेत. कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. धर्मग्रामाच्या वार्तापत्रालाही यातून सूट नाही.

४. बालगृहात सर्व धर्मांची मुले असतात. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या कलम २० नुसार मुलाच्या धार्मिक व सांस्कृतिक पार्श्वभूमीचा मान राखावयाचा आहे. आपली साक्ष आपल्या वागणुकीतून दिसू द्यावी.

५. शोषणाची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे हे पोक्सो कायदा, २०१२ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी होईल या भीतीने गप्प राहणे हाच गुन्हा ठरतो.

कळव्यातच करता येण्याजोगे

आपल्या सेवेस दूरचा प्रवासच लागतो असे नाही. विटावा, खारेगाव आणि पारसिक डोंगराच्या उतारावरील वस्त्यांत कष्टकरी कुटुंबे राहतात. आईच्या आजारपणामुळे किंवा वडिलांच्या निधनामुळे ज्या घरातील मुलाला बालगृहात पाठवण्याची वेळ येऊ शकते, त्या घराची फी, औषधे वा किराणा यांचा भार वर्षभर उचलणे ही मोठी सेवा आहे. अशा कुटुंबाला राज्य शासनाच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरण्यास मदत करावी. स्थानकावर एकटे, हरवलेले मूल दिसल्यास त्याला स्वतःच्या घरी नेऊ नये. १०९८ या क्रमांकावर कळवावे. अशा मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते.

बालगृहात जावयाचेच असल्यास दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला, निदान एक शैक्षणिक वर्ष शिकवणी घेण्याची तयारी ठेवावी. ते जमत नसेल तर शिक्षिका, समुपदेशक किंवा स्वयंपाकीण यांच्या पगारास हातभार लावावा. देणगीची पावती अवश्य घ्यावी.

येत्या बैठकीत भेटीचा विषय निघेल, तेव्हा बसचे भाडे ठरवण्यापूर्वी एकच प्रश्न आम्ही सर्वांपुढे ठेवू इच्छितो : आपण परतल्यावर त्या मुलाजवळ काय उरणार आहे? त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले, तर अवश्य निघावे.