दिवाण

दिवाण : मूळ फारसी शब्द; अरबी, तुर्की, उर्दू, मराठी व कित्येक युरोपीय भाषांत रूढ. दफ्तर, कचेरी, राजसभा, अमात्य, जकातनाका, काव्यसंग्रह आणि बैठकीचा पलंग इतके परस्परांस अनोळखी अर्थ एकाच शब्दाच्या पदरी पडावेत, हे प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. परंतु लेखन हा या सर्वांचा मूळ पुरुष आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे हा गोतावळा नीट उलगडतो.

प्राचीन फारसीतील ‘दिपि’ (कोरलेला लेख) या शब्दाशी दिवाणाचे नाते असून, त्या दिपीचे मूळ एलामी व अक्कडी भाषांच्या द्वारा सुमेरी ‘दुब’, म्हणजे मातीची लेखनपट्टिका, येथवर पोहोचते, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतातील ‘लिपि’ही त्याच कुळातली मानली जाते, अशोकाच्या शाहबाझगढी व मानसेहरा येथील खरोष्ठी लेखांत इतरत्रच्या ‘लिपि’च्या जागी ‘दिपि’ असेच रूप आढळते. इराणचा बादशहा खुस्रो नौशेरवान याने आपले कारकून स्वतःशीच पुटपुटत हिशेब करताना पाहून त्यांना ‘दिवाने’ म्हटले व त्यावरून कचेरीला हे नाव पडले, ही इब्न खल्दून याने नोंदलेली कथा मनोरंजक आहे, पण व्युत्पत्ती म्हणून ग्राह्य नाही. वेडा या अर्थाचा ‘दिवाना’ हा शब्द ‘देव’ (इराणी परंपरेत राक्षस) या निराळ्या धातुकुळातला आहे.

सातव्या शतकात खलिफा उमर याने सैनिकांच्या तनख्याची जी नोंदपुस्तके सिद्ध करविली त्यांना दिवाण म्हणत. पुढे ही दफ्तरे जेथे ठेवली जात ती कचेरी, व कचेरीतून चालणारे खातेही दिवाणच झाले. नोंदींचा संग्रह तो दिवाण, तसा कवीच्या रचनांचा संग्रहही दिवाण : हाफिज आणि गालिब यांचे दिवाण प्रसिद्ध आहेत, व हाफिजच्या वाचनाने प्रेरित होऊन जर्मन कवी ग्यॉटे याने 1819 साली आपल्या संग्रहास हेच नाव दिले. भूमध्य समुद्रावरील व्यापारात अरबी जकात-कचेरीशी गाठ पडलेल्या युरोपीयांनी तो शब्द उचलला : इटालियन ‘दोगाना’, फ्रेंच ‘दुआन’, स्पॅनिश ‘आदुआना’. पोर्तुगीज ‘आल्फांदेगा’ मात्र ‘फुंदुक’ (सराई) या निराळ्या अरबी शब्दावरून आला आहे. उस्मानी तुर्कांच्या राजसभेस दिवाण म्हणत. तसल्या दालनांत भिंतीलगत गाद्यागिरद्यांची जी बैठक असे, तिलाच पाश्चात्त्यांनी सभेचे नाव दिले, आणि आज मराठी घरांतील दिवाण हा पलंग त्याच वळशाने इकडे आलेला दिसतो. म्हणजे पलंगावरून कचेरी नव्हे, कचेरीवरून पलंग.

हिंदुस्थानात मोगल सुभ्यातील दिवाण हा महसुलाचा अधिकारी असे, आणि सुभेदाराच्या वर्चस्वास तो एक अंकुशही असे. 1765 साली शाह आलम याने बंगाल, बिहार व ओरिसा यांची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीस दिली. तलवारीने मिळविलेल्या सत्तेला वसुलाची सनद लाभली ती येथे. महसुलाच्या अधिकाराबरोबर मालमत्तेच्या तंट्यांचा निवाडाही दिवाणाकडे असल्याने 1772 पासून वॉरन हेस्टिंग्जने दिवाणी व फौजदारी अशा वेगळ्या अदालती स्थापिल्या.

मराठी कागदपत्रांत दिवाण म्हणजे प्रत्यक्ष सरकार, असाही अर्थ येतो. वाड्यातील दिवाणखाना आणि सावकाराच्या पेढीवरील दिवाणजी ही याच शब्दाची पुढची पिढी होय. संस्थानी कारभारात दिवाण हा मुख्य प्रधान असे. तंजावरच्या मराठी घराण्यातील सर टी. माधवराव यांनी त्रावणकोर व इंदूरनंतर 1875 ते 1882 या काळात बडोद्याची दिवाणगिरी केली. संस्थाने विलीन झाल्यावर हे पद लोपले; दिवाणी दावा मात्र 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार अद्याप चालतो.