बेसमेंटमधल्या पेटीची कुळकथा

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी, बेसमेंटमध्ये नाहीतर राउटरशेजारच्या कपाटात, एक काळी पेटी गुरगुरत बसलेली असते. तिच्या पोटात दोन किंवा चार हार्ड डिस्क. घरातले सगळे संगणक नेटवर्कवरून तिच्याशी बोलतात आणि मुलांच्या बारशापासून गेल्या गणपतीपर्यंतचे सगळे फोटो तिच्यात असतात. तंत्रज्ञ तिला 'नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज' किंवा थोडक्यात 'नॅस' म्हणतात. घरात ती नुसती 'ती पेटी' असते. "दहा-बारा वर्षं झाली, अजून चालतेय, बदलावी का?" हा प्रश्न मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत मला हमखास विचारला जातो. मी व्यवसायाने आयटी सल्लागार, त्यामुळे पानातली जिलबी गार होईपर्यंत उत्तर देत बसतो. पण खरं उत्तर या पेटीच्या इतिहासात आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मूळ पुरुष १९५६ सालचा. त्या वर्षी आयबीएमने 'रॅमॅक' नावाची यंत्रणा आणली. तिच्या साठवणीच्या भागात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या, वजन टनाच्या वर आणि क्षमता ५० लाख अक्षरं. आजच्या मापात पावणेचार मेगाबाइट, म्हणजे फोनवर काढलेला एखादा फोटो! १९८० साली सीगेट कंपनीने साधारण तेवढीच क्षमता सव्वापाच इंची डिस्कमध्ये बसवली. पुढे १९८८ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, चुंबकीय थरांचा एक विलक्षण गुणधर्म शोधला. त्याच्या जोरावर डिस्क वाचणारी टोकं कमालीची संवेदनशील झाली. २००७ साली त्या दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी हिताचीची एक टेराबाइटची घरगुती डिस्क बाजारात आली.

पण नुसती डिस्क म्हणजे नॅस नव्हे. एका यंत्रावरची फाइल दुसऱ्याला आपलीच वाटली पाहिजे. इथे आपल्या पुण्याचा थोडा संबंध येतो. १९८२ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या सन मायक्रोसिस्टिम्सच्या चार संस्थापकांपैकी एक विनोद खोसला. त्यांचा जन्म पुण्याचा. या कंपनीने १९८४ मध्ये 'एनएफएस' ही फाइल वाटून घेण्याची पद्धत आणली आणि तिचे नियमही खुले केले. दुसरीकडे आयबीएममध्ये जन्मलेली आणि मायक्रोसॉफ्टने वाढवलेली 'एसएमबी' नावाची वेगळी बोली होती. घरोघरी विंडोज असल्यामुळे घरात तीच चालली. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल याने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नेटवर्कवरून जाणारे निरोप तपासून तपासून ही बोली उकलली आणि आपला प्रोग्रॅम फुकट वाटला. त्याला नाव हवं होतं, म्हणून त्याने शब्दकोशात एस, एम आणि बी ही तीन अक्षरं असलेला शब्द शोधला. निघालं 'सांबा'. (आपल्याला 'शोले'तला खडकावर बसलेला सांबा आठवतो, पण त्याचा काही संबंध नाही.) घरच्या बहुतेक पेट्यांच्या पोटात आज लिनक्स आणि हाच सांबा असतो.

तिसरा धागा बर्कली विद्यापीठाचा. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली मांडलं की एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात आणि त्यातली एक मेली तरी काम चालू राहील अशी सोय करावी. हीच ती 'रेड'. सोय कशी, तर एका डिस्कवर ७ लिहा, दुसरीवर ५, तिसरीवर बेरीज १२. पाचवाली मेली तर १२ उणे ७, हिशेब परत जमला. प्रत्यक्षातलं गणित थोडं वेगळं आहे, पण तत्त्व हेच. मात्र यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवली की उरलेल्या सगळ्या डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. आजच्या आकाराच्या डिस्कना याला कित्येक तास, कधी दिवससुद्धा लागतात. आणि त्या उरलेल्या डिस्क बहुधा एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेल्या, केळ्यांच्या एकाच घडातल्या. दुसरं म्हणजे चिरंजीवांनी फोल्डर पुसलं की ते सगळ्या डिस्कवरून एकदमच पुसलं जातं. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय.

हे तिन्ही धागे घरात एकत्र आले ते २००० नंतरच्या दशकात, आणि आपल्यासारख्यांना त्याची निकडही जास्त होती. लग्नाची व्हिडिओ कॅसेट भारतातून आणलेली, म्हणजे पाल पद्धतीची. इथल्या व्हीसीआरला ती कळायचीच नाही. ती कुणाकडून तरी रूपांतरित करून घ्यायची. आईवडील इथे आले की मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर तासन् तास चित्रण, आणि त्याच्या एका तासाला तेरा गिगाबाइटच्या आसपास जागा. घरच्या संगणकात हे मावेना. तैवानची सिनॉलॉजी २००० साली सुरू झाली होती. २००४ मध्ये लिंक्सिसची छोटीशी पेटी आली. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'विंडोज होम सर्व्हर' आणि 'ड्रोबो' आले. ड्रोबोत वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क घुसवा, ती आपली आपण जुळवून घेई. इतकी सोपी पेटी त्यापूर्वी मी पाहिली नव्हती.

आता यांचं पुढे काय झालं ते पाहा.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. ब्रिटनमध्ये इस्पितळांचं काम ठप्प झालं. तो शिरला होता एसएमबीच्या सर्वांत जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. ती आवृत्ती मोडीत काढायचं मायक्रोसॉफ्टचं आधीच चाललं होतं. त्याच वर्षाच्या शेवटाकडे आलेल्या विंडोज १० मध्ये ती नव्या संगणकांवर बसवणंच बंद झालं. ज्यांची पेटी फक्त तीच बोली बोलत होती, त्यांना नव्या लॅपटॉपवरून ती दिसेनाशी झाली. आमच्या ओळखीच्या एका काकूंना वाटलं, फोटो गेले. फोटो जागच्या जागी होते, संगणकाने बोलणं सोडलं होतं.

जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या पेट्या जगभरात एका रात्रीत रिकाम्या झाल्या. कोणीतरी इंटरनेटवरून शिरून पुसून टाकल्या. त्यांच्या डिस्क धडधाकट होत्या, पण पेटीच्या सॉफ्टवेअरची डागडुजी कंपनीने २०१५ मध्येच थांबवली होती. आणि ड्रोबो? तिच्या मालक कंपनीने २०२२ मध्ये दिवाळं जाहीर केलं, २०२३ मध्ये ती अवसायनात निघाली. ड्रोबोची डिस्क मांडायची पद्धत तिची खास स्वतःची. पेटी बिघडली तर डिस्क काढून साध्या संगणकाला जोडून काही वाचता येत नाही. दुसरी ड्रोबो शोधत फिरावं लागतं.

तिन्ही प्रसंगांत डिस्क शाबूत होत्या. म्हणून "अजून चालतेय" हे न बदलण्याचं कारण मला पटत नाही. चालतेय म्हणूनच आता बदलावी, कारण जुनी पेटी जिवंत असताना तिच्यातलं काढून घेणं हे एका शनिवार-रविवारचं काम असतं, नंतर ते डेटा काढून देणाऱ्या महागड्या प्रयोगशाळेचं होतं. कंपनी सॉफ्टवेअरची डागडुजी अजून करते का, एवढं आधी बघावं. ती बंद झाली असेल तर पेटीची इंटरनेटची वाट आजच बंद करावी. नवी घेताना दुकानदाराला किती टेराबाइट हे विचारण्याआधी, उद्या कंपनी बुडाली तर या डिस्क दुसऱ्या यंत्रात वाचता येतील का, हे विचारावं. लिनक्सच्या नेहमीच्या पद्धतीने मांडलेल्या डिस्क साध्या लिनक्स संगणकावर वाचता येतात. जुन्या डिस्क उचलून नव्या पेटीत खोचू नयेत. बऱ्याच पेट्या आत आलेली डिस्क आधी पुसून घेतात. दोन्ही पेट्या शेजारी ठेवून नक्कल करावी, फायली मोजाव्यात, चार-दोन उघडून पाहाव्यात. एक प्रत घराबाहेर हवीच. आमची एक डिस्क दर भारतवारीत ठाण्याला बहिणीच्या कपाटात जाते आणि तिथली जुनी परत येते. कस्टमवाल्याने अजून तरी विचारलेलं नाही.

नक्कल करताना मराठी फायलींकडे मात्र वेगळं लक्ष द्या. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण घरच्या संगणकावर ती नीट उमटू लागली विंडोज २००० आणि एक्सपीपासून. त्याआधी, आणि नंतरही कित्येक वर्षं, आपण पुण्याच्या सीडॅकचं आयएसएम किंवा तसले फाँट वापरत होतो. त्यांतल्या पुष्कळांत 'क' हा संगणकाच्या लेखी कुठलंतरी रोमन अक्षर असे. फाँट नसला तर फाइल उघडते, पण समोर रोमन अक्षरांची खिचडी येते. आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिकांच्या फायली अशाच कुणाकुणाच्या पेट्यांत असतील. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तो फाँटही सोबत आहे का ते पाहावं, आणि असेल तर आत्ताच पानांच्या पीडीएफ करून समितीकडे द्याव्यात.