आशावादी समांतर संगणक-रचना

एकाच स्मृतीवर किंवा एकाच प्रश्नावर काम करणाऱ्या अनेक प्रोसेसरांनी एकमेकांसाठी न थांबता पुढे जावे, आणि टक्कर झाल्याचे आढळले तर केलेले काम रद्द करून पुन्हा करावे, या तत्त्वावर बेतलेली संगणक-रचना. आधी लॉक लावून मगच कामाला हात घालणारी पद्धत निराशावादी म्हटली जाते. आशावादी रचनेची ओळख सहसा तिच्या वेगावरून करून दिली जाते. प्रत्यक्षात तिचे यश ठरते ते माघार किती स्वस्त, किती मर्यादित आणि किती पूर्ण आहे यावर.

डेव्हिड जेफरसन यांनी १९८५ साली मांडलेली ‘टाइम वॉर्प’ पद्धत याचा उत्तम पुरावा आहे. तीत प्रत्येक प्रक्रिया आपापल्या आभासी वेळेनुसार घटना उरकत जाते. मागल्या वेळेचा संदेश उशिरा हाती आला, की ती त्या वेळेपर्यंत मागे फिरते आणि मधल्या काळात पाठवलेल्या प्रत्येक संदेशामागे एक प्रतिसंदेश सोडते. दोघांची गाठ पडली की दोन्ही नाहीसे होतात. याहून मोलाची आहे ती ‘ग्लोबल व्हर्च्युअल टाइम’ ही मर्यादा. तिच्या मागे कोणालाच जावे लागणार नसते, म्हणून तिच्याआधीच्या नोंदी टाकून देता येतात आणि छपाईसारखी परत न घेता येणारी कामे तेव्हाच पार पाडता येतात. २०१३ साली अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या ‘सिक्वोया’ यंत्रावर याच पद्धतीने १९,६६,०८० कोअर वापरून सेकंदाला ५०४ अब्ज घटना हाताळल्या गेल्या. ही कसोटीसाठी रचलेली चाचणी होती, हे खरे. परंतु तेथे स्थितीच्या प्रती साठवण्याऐवजी उलटे गणन करून मागे जाण्याची सोय होती, हे अधिक महत्त्वाचे.

हर्लिही व मॉस यांनी १९९३ मध्ये सुचवलेली ‘ट्रान्झॅक्शनल मेमरी’ (लॉक न लावता स्मृतीवरील क्रियांचा गट एकसंधपणे पार पाडण्याची, आणि टक्कर झाल्यास तो रद्द करण्याची सोय) इंटेलने २०१३ मध्ये हॅसवेल चिपमध्ये आणली, पण दोष आढळल्याने २०१४ मध्ये ती बंद करावी लागली. पुढे आयबीएमनेही पॉवर१० मधून ती वगळली. यावरून तत्त्वच फसले असा आक्षेप घेतला जातो. तो पटत नाही. इंटेलच्या रचनेत ट्रान्झॅक्शन तडीस जाण्याची हमीच नव्हती. लिखाण कॅशमध्ये मावले नाही किंवा इंटरप्ट आला तरी ट्रान्झॅक्शन रद्द होई, त्यामुळे लॉकचा पर्यायी मार्ग लिहिणे प्रोग्रामरला चुकत नसे. याउलट आयबीएमच्या झेडईसी१२ मध्ये (२०१२) ३२ सूचनांपर्यंतच्या मर्यादित ट्रान्झॅक्शनला ते अखेर पूर्ण होण्याची हमी होती.



२०१८ साली उघड झालेल्या ‘स्पेक्टर’ या प्रोसेसरांमधील सुरक्षा-दोषामुळे पुढे आलेला आक्षेप जास्त गंभीर आहे. अंदाजाने पुढे नेलेल्या सूचना रद्द झाल्या, रजिस्टर पूर्ववत झाले, तरी कॅशमध्ये माग उरला आणि त्यातून गुप्त माहिती काढता आली. येथे चूक पुढे जाण्यात नव्हती; माघारीच्या हिशेबात कॅश धरलीच नव्हती.