दोन गीतांमधील शांतता

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके स्वतः उतरले होते, हे येथील जुन्या मराठी कुटुंबांना सांगावयास नको. त्यानंतर आठच महिन्यांनी, १ एप्रिल १९५५च्या रामनवमीस, पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकर व फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. गीते ५६, आठवड्यास एकच नवे. मधल्या प्रतीक्षेत गीत श्रोत्यांच्या मनात मुरत असे.

७८ फेऱ्यांच्या तबकडीची बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे आणि ती पालटताना विराम आपोआप मिळे. नभोवाणीच्या स्टुडिओत दोन तबकड्या जोडताना एकीचा आवाज उतरवून दुसरीचा चढवीत. परंतु ते काम जाणत्या कानाचे होते.

विनॅम्पसारखे प्लेअर १९९७ नंतर घरोघरच्या संगणकांवर आले आणि हे काम यंत्राकडे गेले. सरत्या गीताचे अखेरचे व येत्या गीताचे पहिले काही सेकंद एकत्र वाजविणे, यास क्रॉसफेड म्हणतात. दोन्ही आवाज सरळ रेषेत उतरविले-चढविले, तर मध्यावर त्यांची एकत्रित शक्ती निम्मी होऊन आवाज खचतो. न उतरविता मिसळले, तर बेरीज मर्यादेबाहेर जाऊन तो फाटतो. वक्ररेषेने उतरचढ साधून हे दोष पुष्कळसे टळतात. परंतु सम कोठे आली, हे घड्याळाच्या सेकंदांना कळत नाही.

उलट दोषही आहे. एमपी३मध्ये ध्वनी ११५२ नमुन्यांच्या चौकटींत बांधला जातो व आरंभी-अखेरीस थोडी शांतता भरली जाते. त्यामुळे सलग मैफलीचे तुकडे केले, की मध्ये खाच पडते. जेथे शांतता हवी तेथे ती पुसली जाते आणि जेथे नको तेथे घातली जाते.

एका मुक्तिदिनी आम्ही जुन्या ध्वनिफितींवरून संगणकावर उतरविलेले ‘गीतरामायण’ घरी लावले होते. एका गीताची अखेर पुढच्या वाद्यमेळात बुडाली. १९५४ पाहिलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “अहो, बाबूजींना सम तरी घेऊ द्या!”

आम्ही तो आकडा तत्काळ शून्यावर आणला. पुढचे गीत सुरू होण्यापूर्वी क्षणभर कोणीच बोलले नाही. तो क्षण गीताचाच होता.