मानवाकृती, तैयब मेहता यांच्या चित्रांतील

भारतीय आधुनिक चित्रकार तैयब मेहता (१९२५–२००९) यांच्या चित्रांत माणूस ओळखू येतो, पण तुकड्यातुकड्यांनी. १९४७ च्या फाळणीच्या दंगलीत मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारताना त्यांनी घरातून पाहिले होते. कोसळणाऱ्या देहाच्या विषयाने त्यांची पाठ पुढे सोडली नाही. सुरुवातीच्या आकृती जाड रंगलेपाच्या, काळवंडलेल्या आहेत. १९६८ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तेथे अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमन यांची चित्रे पाहिल्यावर त्यांचे रंग सपाट झाले आणि १९६९ च्या सुमारास कॅनव्हास तिरका छेदणारा पट्टा आला. हा पट्टा सर्रास फाळणीची खूण मानला जातो. हा अर्थ पटण्याजोगा असला, तरी अपुरा आहे. पट्ट्याचे पहिले काम रचनेचे. धड त्याच्या एका बाजूला, तर हात दुसऱ्या बाजूला पडतो आणि जोडणी पाहणाऱ्याच्या नजरेवर राहते. वेदना या आकृतींच्या चेहऱ्यांवर शोधू नये, ते बहुधा सपाटच असतात. ती पिळवटलेल्या हातापायांत आहे. ‘महिषासुर’ मालिकेत देवी आणि रेडा असे गुंततात, की कोणता अवयव कोणाचा हे सांगणे अवघड.