कंधारची प्राचीन स्थळे आणि राजधानीपणाचा प्रश्न

प्राचीन राजधानीच्या दर्शनास निघालेल्या प्रवाशास रोमसारख्या नगरीत वाट शोधावी लागत नाही. पॅलेटाइन टेकडी, फोरम, इ. स. ८० मध्ये खुले झालेले कोलोसियम आणि इ. स. २७१ पासून उभारला गेलेला ऑरेलियनचा तट यांचा कालक्रम निश्चित झालेला आहे. कोणता अवशेष कोणत्या युगाची साक्ष देतो, याविषयी संभ्रम उरत नाही. नांदेड जिल्ह्याची स्थिती निराळी आहे. येथे एका थरावर दुसरा थर चढलेला असून जुने नाव नव्या नावाखाली झाकले गेले आहे. हिमायतनगरास आजही परमेश्वराच्या देवालयामुळे वाढोणा या जुन्या नावाने ओळखणारे लोक आहेत. त्याच जिल्ह्यात मन्याड नदीच्या खोऱ्यातील कंधार ‘राष्ट्रकूटांची राजधानी’ म्हणून प्रसिद्ध आहे. या प्रसिद्धीस तेथील अवशेषांचा आधार कितपत मिळतो, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

कंधारास येणारा प्रवासी प्रथम भुईकोट किल्ला पाहतो, आणि बहुधा तेवढाच पाहून परततो. खंदक, तटबंदी व बुरूज यांनी युक्त असा हा दुर्ग प्रेक्षणीय आहे, यात शंका नाही. परंतु त्याचे आजचे रूप मुख्यतः सुलतानी काळात घडलेले आहे. बहमनी व निजामशाही सत्तांच्या हाती तो राहिला आणि १६३१ मध्ये नासिरी खानाने तो मोगलांसाठी जिंकला. तोफांच्या युद्धास अनुकूल अशी त्याची रचना दक्षिणेतील सीमासंघर्षाचा इतिहास सांगते, राष्ट्रकूटांचा नव्हे. हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गाही याच उत्तरकालीन कंधाराचे महत्त्वाचे स्थान होय.

राष्ट्रकूटकालीन कंधार किल्ल्याच्या दरवाजापाशी भेटत नाही. त्याचा शोध तीन ठिकाणी घ्यावा लागतो. पहिले स्थळ जगत्तुंग समुद्र हा तलाव. दुसरे क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे भग्न अवशेष. आणि तिसरे साधन म्हणजे तिसऱ्या कृष्णाच्या काळाशी निगडित असलेला कंधारचा संस्कृत शिलालेख. या लेखात देवालये, दाने व अन्नसत्रे यांचे उल्लेख असून जगत्तुंग समुद्राचाही निर्देश आहे. मनुष्याच्या उंचीच्या कित्येक पट मोठी मूर्ती घडविणारे शिल्पी, तलाव बांधण्याइतके द्रव्य आणि सत्रे चालविण्याइतकी व्यवस्था ज्या नगरात होती, ते नगर सामान्य नव्हते, एवढे यावरून निःसंशय सिद्ध होते. मात्र तलावाच्या नावावरून त्याचा काळ ठरविणे धोक्याचे आहे. जगत्तुंग हे तिसऱ्या गोविंदाचे बिरुद होते हे खरे. तथापि त्या घराण्यात हे नाव पुढेही आढळते.

नगर मोठे होते, म्हणून ते राजधानी होते असे मात्र म्हणता येत नाही. कृष्ण राजास कंधारपुराचा अधीश्वर म्हणणाऱ्या उत्तरकालीन लेखांवर हा पक्ष उभा आहे. पण अशा पदव्यांचे स्वरूप लातूरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. अमोघवर्षाच्या इ. स. ८६६ च्या लेखांत त्यास लट्टलूरपुराचा स्वामी म्हटले आहे, आणि लट्टलूर म्हणजेच लातूर, असे सामान्यतः मानले जाते. परंतु त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड, येथे होती. पुढे सौंदत्तीच्या रट्टांनीही हीच पदवी मिरविली, आणि त्यांचे राज्य तर बेळगावच्या बाजूस होते! अर्थात अशी पदवी कुलाचे मूलस्थान किंवा पूर्ववैभव सांगते. सिंहासन कोठे होते हे सांगत नाही.

तिसऱ्या कृष्णाच्या काळीही मान्यखेटाचे महत्त्व टिकून होते. पुष्पदंत कवीने आपले महापुराण तेथेच रचले, आणि इ. स. ९७२ मध्ये परमार सीयकाने लुटले तेही मान्यखेटच. शिवाय राजा सदैव राजधानीत असे असेही नाही. कऱ्हाडचा इ. स. ९५९ चा ताम्रपट त्याने तमिळ प्रदेशातील मेलपाडीच्या छावणीतून दिला. रोमन सम्राट होनोरियसने इ. स. ४०२ मध्ये आपला दरबार राव्हेन्ना येथे नेला, तरी रोमची प्रतिष्ठा लोपली नाही. राजाचे वास्तव्य, शासनाचे केंद्र आणि कुलाच्या अभिमानाचे नगर या तीन भिन्न गोष्टी असू शकतात.

तेव्हा कंधारास राष्ट्रकूटांचे एक प्रमुख राजनगर म्हणणे पुराव्यास धरून होईल. एकमेव राजधानी म्हणणे होणार नाही. यात कंधाराची हानी नाही. हानी होते ती राजधानीच्या अभिमानापोटी चौदाव्या शतकानंतरचे बुरूज राष्ट्रकूटांचे म्हणून दाखविले जातात आणि खरे राष्ट्रकूट अवशेष दुर्लक्षित राहतात तेव्हा. म्हणून कंधारच्या दर्शनाचा क्रम उलटा असावा. आधी तलावाचा काठ, मग क्षेत्रपालाचे भग्न पाषाण, त्यानंतर शिलालेखाचे वाचन आणि शेवटी किल्ला. या क्रमाने पाहणाऱ्यास जलसंचय आणि अन्नदान यांवर उभे असलेले दहाव्या शतकातील नगर प्रथम दिसेल. तटबंदीआडचे लष्करी ठाणे त्यानंतर.